वीणेचा पहारा



अखंड हरिनाम सप्ताहात आपल्यापैकी बहुतेकांनी वीणेचा पहारा केलेला असेल. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला लागू द्यायची नाही, हा नेम. मंदिराच्या खांबावर पहारेकऱ्यांच्या नावांची यादी चिकटवलेली असते. आमच्याकडे दोन-दोन तासांची पाळी. रात्री दोन ते चारची पाळी कोणी हौसेने मागून घेत नाही. ती तरुण पोरांच्या माथी मारली जाते, नाहीतर माझ्यासारख्या झोप उडालेल्या म्हाताऱ्याच्या वाट्याला येते. वेळ झाली की पुढचा माणूस हातपाय धुऊन येतो, वीणेला नमस्कार करतो, पहिला आपल्या गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घालतो आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. मग पहिला घरी जातो, जेवतो, झोपतो. 'तू देवाला टाकून निघालास' असे त्याला कोणी म्हणत नाही.

आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलो, पुढे चाळीस वर्षे कीर्तने केली, गळा गेला तेव्हा थांबलो. एवढ्या काळात सप्ताह किती पाहिले याची मोजदाद नाही. तरी या साध्या रिवाजाचा अर्थ मला फार उशिरा कळला. तो कसा कळला ते सांगायचे आहे. सांगताना माझी एक चूकही सांगावी लागेल; ती झाकून पुढचे निरूपण होणार नाही.

मी हरिहरेश्वरचा. आमचे क्षेत्र पुष्कळांना ठाऊक आहे. आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, पुन्हा काळभैरवाचे, आणि नंतर डोंगराच्या घळीतून पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेने प्रदक्षिणा. ही प्रदक्षिणा भरतीच्या वेळी होत नाही. ओहोटी लागली की खडक उघडे पडतात, तेवढ्या वेळात फिरून यायचे. बाहेरगावची मंडळी भरतीला येऊन पोचली की हिरमुसतात. आम्ही सांगतो, थोडे बसा, चहा घ्या, पाणी मागे जाईल.

माझ्या घरापासून चार घरे सोडून एक बाई राहते, तिच्या घरातले पाणी सहा वर्षे मागे गेले नव्हते. नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. तिच्या मुलाला जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला. डॉक्टर या आजाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मुलाला बसता येत नाही, बोलता येत नाही, अधूनमधून फेफरे येते. नवरा मुंबईला नोकरीत, महिन्याकाठी येतो. सासू होती ती गेली. सकाळी मुलाचे तोंड पुसण्यापासून रात्री त्याची कूस बदलण्यापर्यंत सगळे एकटीने. गावात लग्न असो, हरिपाठ असो, ही दारातून हात जोडणार.

अशीच एक बाई माझ्या स्वतःच्या घरात पंचवीस वर्षे होती.

आमचा धाकटा 1981 सालच्या श्रावणात झाला. जन्मल्यावर रडला नाही. पुढचे सांगत नाही, वर लिहिले तेच थोड्याफार फरकाने. 2006 साली तो गेला. या पंचवीस वर्षांत मी महाराष्ट्रभर कीर्तने केली. आम्हा कोकणातल्या लोकांची आषाढी लावणीत अडकते, म्हणून आमची वारी बहुधा कार्तिकीची. ती मी एकदाही चुकवली नाही. लोक म्हणत, बुवांच्या घरी एवढे दुःख, तरी नेम चुकत नाही. मलाही ते ऐकायला बरे वाटे. नेम कोणाच्या जिवावर चालला होता, हे कोणी विचारले नाही, मीही विचारले नाही. आमच्या मंडळींनी धाकट्याच्या जन्मानंतर पंढरपूर पाहिले नाही.

1994 साली तिची आई म्हसळ्याला अंथरुणाला खिळली. तिने पंचवीस वर्षांत एकदाच सुटी मागितली, ती तेव्हा. "चार दिवस जाऊन येत्ये, तुम्ही घरात आहात तर," एवढेच म्हणाली. मी होय म्हटले. ती गेली. पहिल्या दिवशी धाकट्याने माझ्या हातून घास घेतला नाही. तोंड मिटून घेई, नाहीतर घेतलेला घास बाहेर टाकी. रात्री तो जे ओरडत होता त्याचा अर्थ मला लागेना. दुसऱ्या दिवशी पोस्टात फोन आला: घाटावरच्या एका गावात सप्ताह चालू आहे, काल्याचे कीर्तन ज्यांचे होते ते आजारी पडले, बुवा, तुम्ही आलेच पाहिजे. मी पुतण्याला एसटीने म्हसळ्याला पाठवले आणि तिला परत बोलावून घेतले. ती संध्याकाळी आली, पिशवी खाली ठेवली आणि आधी त्याच्या ओठांवरून हात फिरवून किती वाळले आहेत ते पाहिले. माझ्याशी बोलली नाही. मी निघालो. काल्याच्या कीर्तनात मी यशोदामाईचे वर्णन केले आणि बायाबापड्या रडल्या. मी परतलो तेव्हा सासूबाई गेल्या होत्या. तिला अखेरची भेट झाली नाही. दहाव्याला सकाळी जाऊन संध्याकाळी ती परत आली.

पुष्कळ वर्षे मी स्वतःला समजावत होतो की, सप्ताहाचा शब्द मोडता येत नव्हता. खरे सांगायचे तर मी घाबरलो होतो. मूल माझ्या हातून जेवत नव्हते, आणि बाप असून मला ते शिकावेसे वाटले नव्हते. फोन आला नसता तर मी दुसरे काही कारण शोधले असते. ती 2018 साली गेली. हे तिला कधी बोलून दाखवले नाही.

आता कथेकडे येतो. संत सखूची कथा आपण सगळे सांगतो, ऐकतो. कऱ्हाडची सखू, कृष्णाकाठी पाण्याला गेली असता दिंडी दिसली, पंढरीची ओढ लागली, सासरच्यांनी तिला खांबाला बांधून घातले. पांडुरंग बाईच्या रूपाने आला, तिला सोडवले आणि तिच्या जागी स्वतःला बांधून घेतले. मी हे आख्यान मांडताना सासूचा छळ रंगवत असे, सखूची तळमळ रंगवत असे. देव खांबाला बांधलेला, इथे टाळकऱ्यांना खूण करून गजर घ्यायचा, हा माझा ठरलेला डाव. पण पुढे काय झाले? दोर सोडल्यावर देवाने त्या घरात पाणी भरले, दळले, रांधले, वाढले. सखू पंढरीला असेपर्यंत दिवसामागून दिवस हेच केले. हा भाग मी दोन वाक्यांत उरकत असे. श्रोत्यांनाही त्यात चमत्काराची गंमत वाटे, कामाची नाही.

आणखी एक बारकावा आहे. सखूने पंढरीतच देह ठेवला, तेव्हा रुक्मिणीमातेला चिंता पडली, आता देव तिथून सुटणार कसे? म्हणून तिने सखूला उठवले आणि घरी पाठवले. म्हणजे काम हाती घेतल्यावर, जिचे काम होते ती परत आल्याशिवाय देवालाही दारातून निघता येईना. 'मी आता कंटाळलो' असे म्हणून तो अंतर्धान पावला नाही. मी 1994 साली दुसऱ्या दिवशी पुतण्याला एसटीत बसवले होते.

सखूने घर सोडले म्हणून परंपरेने तिला दोष दिला नाही, संत म्हटले. दुसऱ्या टोकाला पुंडलिकाचे उदाहरण पुढे केले जाते: पाहा, देव दारी आला तरी त्याने आईबापांची सेवा सोडली नाही. बरोबर आहे. पण हे उदाहरण जेव्हा अशा मुलाच्या आईला ऐकवले जाते, तेव्हा मला वाईट वाटते. पुंडलिकाने थांबायला सांगितले आणि देव विटेवर थांबला. या बाईच्या दारात कोण थांबले आहे? तिला पुंडलिक व्हायला सांगणाऱ्याने निदान वीट तरी मागावी.

गोरोबाकाकांची कथाही मला आता वेगळी ऐकू येते. त्यांच्या तल्लीनतेला मी नख लावत नाही, तेवढी माझी योग्यता नाही. पण तेरच्या त्या अंगणात मूल पतीच्या भरवशावर ठेवून जी बाई पाण्याला गेली, तिच्याकडे मी चाळीस वर्षे पाहिलेच नव्हते. ती घागर घेऊन परत येते तेव्हा काय होते, ते आपण सर्व जाणतो. मला वाटते, अशा आया घराबाहेर पडत नाहीत त्याचे कारण प्रेमापेक्षा हे भय जास्त आहे: मागे कोणी खरोखर पाहील का?

राहिली गोष्ट प्रारब्धाची. 'मागच्या जन्मीचे भोग आहेत' हे वाक्य आमच्या घरात येऊन कितीजण बोलून गेले, त्यांत माळकरीही होते. शास्त्र माझ्या वाचनातले आहे, कर्मविपाक मी नाकारत नाही. पण प्रारब्ध हा शब्द ज्याचा त्याने स्वतःपुरता, सोसण्यासाठी वापरायचा असतो. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून, त्याचा चहा पिऊन, त्याच्या लेकराकडे बोट दाखवून वापरायचा नसतो. तहानलेल्याला पाणी देताना आपण त्याचे मागच्या जन्मीचे कर्म विचारत नाही. अन्नदानाला पत्रिका पाहत नाही. मग इथेच बरे शास्त्र आठवते.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन तालुक्यातल्या सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. त्या बाईच्या घराचे छप्पर गेले, माझे वाचले. मुलाला माझ्या माजघरात आणून ठेवले. तो तेव्हा सहा वर्षांचा. छप्पर होईपर्यंत ती दोघे आमच्याकडेच होती. ती त्याला भरवताना मी समोर बसून पाहत असे, काम दुसरे नव्हतेच. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी म्हटले, "मला दाखव." तिने माझ्याकडे पाहिले. बुवांची लहर असावी, असे तिला वाटले असणार. पण तिने दाखवले.

माउली, हे काम नुसत्या दयेने येत नाही. मृदंगाचा हात बसायला जशी वर्षे जातात तसे हे आहे. भरवताना मुलाची पाठ सरळ हवी, हनुवटी किंचित खाली, भात गुरगुट्या, घास अर्ध्या चमच्याचा, आणि पहिला गिळला याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही. मान मागे टाकून भरवले तर अन्न श्वासनळीत जाते. जेवल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही. अंथरुणावर असलेल्याची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कातडी जखमी होते. दोन तासांचा पहारा इथेही आहे. फेफरे आले तर कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही द्यायचे, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. घड्याळाकडे पाहायचे. पाच मिनिटांत थांबले नाही तर गाडी बोलवायची. पहिल्यांदा माझ्यासमोर आले तेव्हा माझे हात कापत होते आणि तोंडातून नाम निघत नव्हते, हे कबूल करतो. दीड मिनिटात थांबले. मला ते एका कीर्तनाएवढे वाटले.

आणि आवाज. बाहेरून सगळे ओरडणे एकसारखे वाटते. भुकेचे वेगळे, पोटात कळ आली तर वेगळे, आई दिसेनाशी झाली म्हणून वेगळे, आणि नुसती मजा वाटते म्हणून एक वेगळे. हे ऐकू यायला मला आठ महिने लागले. स्वरज्ञान आहे असे समजून चालणाऱ्या माणसाला आठ महिने. माझ्या धाकट्याचे पंचवीस वर्षांत मला एकही ओळखता आले नव्हते.

तेव्हापासून मंगळवारी आणि शनिवारी दुपारी दोन ते पाच मी त्यांच्याकडे असतो. सुरुवातीला ती पडवीच्या पुढे जात नसे. दाराआडून पाहत बसे. मी रागावलो नाही. वीणा कोणाच्या गळ्यात घालतो आहोत हे पाहायला नको का? एका शनिवारी ती आतल्या खोलीत जाऊन झोपली, तीन तास. पुढच्या महिन्यात एसटीने श्रीवर्धनला जाऊन दाढ काढून आली. ती दाढ वर्षभर दुखत होती. घरापासून समुद्र पाचशे पावलांवर. एके दिवशी ओहोटी साधून ती प्रदक्षिणेला गेली आणि परत आल्यावर बराच वेळ पाय न धुता तशीच वाळूच्या पायांनी बसून राहिली.

तिला सर्वांत जड गेले ते लोकांचे बोलणे. 'पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात घालून ही हिंडते.' त्याहून जड तिचे स्वतःचे मन. तिने एकदा विचारले, "बुवा, मला तिकडे बरे वाटले, त्याची आठवण नाही झाली, हे पाप का हो?" मी चाळीस वर्षे शंकासमाधाने केलेला माणूस, पण मला पटकन उत्तर सुचले नाही. मग वीणेचा पहारा आठवला. पहारा संपवून घरी गेलेला माणूस झोपतो तेव्हा त्याला वीणा आठवत नाही. ती दुसऱ्याच्या गळ्यात आहे म्हणूनच तो झोपू शकतो. त्या झोपेला आपण नेमभंग म्हणत नाही. आणि तोच माणूस सलग सात दिवस उभा राहिला, तर सातव्या रात्री वीणा त्याच्या हातून पडेल. दोष मग त्याला द्यायचा, की यादीवर नाव न लिहिणाऱ्या गावाला? तिला एवढेच म्हटले, "नाही गो बाय, पाप नाही." बाकीचे तुम्हाला लिहितो आहे.

कायद्याने या गोष्टीला नाव दिले आहे. 1999 च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला, तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी. त्याच्या 'समर्थ' योजनेत अडचणीतल्या कुटुंबांच्या मुलांना काही काळ सांभाळण्याची सोय सांगितली आहे, 'निरामय' योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत, आणि ज्यांना फार आधार लागतो त्यांची काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याचाही उल्लेख आहे. इंग्लंडमध्ये तर अशा पालकांना अधूनमधून मोकळीक मिळेल अशी सेवा ठेवणे 2011 पासून तिथल्या स्थानिक प्रशासनावर नियमाने बंधनकारक आहे. वारीत पालखीच्या दोन मुक्कामांमध्ये विसावा असतो. या सेवेला मी तोच शब्द वापरतो. कागदपत्रे पुरी करून घ्यावीत, हे आवर्जून सांगतो. पण कागद दुपारी दोनला घरी येऊन बसत नाही.

अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी असे थोर लोक उभे राहतात. बदलापूरचे 'आधार' पालकांनीच एकत्र येऊन उभे केले. मात्र ज्या लेकराला आई आहे, तिचे प्रेम आहे, आणि फक्त तीच आहे, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आई आहे ना, मग झाले, असे आपण म्हणतो. शहरांतल्या केंद्रांत पगारावर हे काम करणाऱ्या मुली असतात. लोक त्यांना 'आया' म्हणून मोकळे होतात. त्यांच्या हाताला जे कळते ते मला सत्तरीत शिकावे लागले. माझ्या मते त्यांना पगार चांगला मिळावा आणि सप्ताहात हार घालायचे असतील तर एखादा त्यांनाही घालावा. गाडगेबाबांना हे दिसले होते: मुंबईत आजाऱ्याबरोबर आलेल्या नातलगांनी रात्री कुठे पडावे याची चिंता त्यांनी वाहिली. आजाऱ्याला खाट मिळते, जागणाऱ्याला मिळत नाही.

मी आता 74 वर्षांचा आहे आणि मुलगा अकरा वर्षांचा, अंगाने वाढलेला. त्याला एकट्याने उचलणे मला जमत नाही, आणि मी केव्हाही जाईन. म्हणून माझ्या थोरल्याची बायको शिकली, आणि आमच्या भजनातला कॉलेजात जाणारा एक टाळकरी शिकला. त्या पोराने टाळाचा ठेका अगदी हळू धरला की मुलाचे आवळलेले हात थोडे सैल होतात, हे त्याचे त्यानेच शोधले. चाळीस वर्षे टाळांच्या मध्ये उभा राहून मला ते सुचले नव्हते. दुसऱ्या दोघांनी येतो म्हणून सांगितले आणि एकेकदाच आले. त्यांना नावे ठेवायचा अधिकार मला नाही.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, "बुवा, कार्तिकीला मी जाऊ का? दिंडीच्या गाडीतून. दोन रात्री लागतील." तिने पंढरपूर पाहिलेले नाही. मी होय म्हटले, आणि मग लक्षात आले की, मी दुपारच जाणतो, रात्र जाणत नाही. रात्रीचे औषध नऊला. त्यानंतर कूस बदलणे अकराला, एकला, तीनला. पहाटे चारच्या सुमाराला फेफऱ्याची भीती अधिक, असा तिचा अनुभव. म्हणून आम्ही तिघांनी आधी रात्रीची तालीम करायचे ठरवले आहे. नावांची यादी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली आहे. रात्री दोन ते चार माझे नाव आहे. पहिली रात्र येत्या शनिवारी. ती शेजारच्या खोलीत झोपणार आहे, झोप लागली तर.